अठराशे चाळीस

मुसळगावच्या वसाहतीत शेवटच्या गल्लीला,
कुंपणापलीकडे निवडुंग आणि मग नुसता माळ,
तिथे आमचं आरओचं शेड.
रात्रपाळीला मी आणि पंप.
पंप माझ्यापेक्षा जास्त बोलतो.

पाणी येतं तीनशे वीस फुटांवरून.
काळा खडक, गेरूचा एक पट्टा, पुन्हा काळा खडक,
तिथे ते किती वर्षं पडून होतं कुणी विचारलं नाही.
वर आल्या आल्या त्याची जबानी घेतात:
क्षार किती, चुना किती, सिलिका किती.
बॉयलरला असलं पाणी सोसत नाही.
गेल्या वर्षी कापून काढलेली एक नळी माझ्या टेबलावर आहे.
आत पांढरं कवच,
मधोमध काडी जाईल एवढी वाट.
रजिस्टर उडू नये म्हणून बरी पडते.

आई याच पाण्याला म्हणते,
इथं कुणाची डाळ शिजत नाही.
ती खरंच डाळीबद्दल बोलत असते.

सोमवारी कोंडाजी सांगळे आले. पाणाडी.
तळहातावर नारळ आडवा धरून
आमची तिन्ही बोअर त्यांनीच दाखवलेली.
मालकांना आता चौथी हवी आहे.
मालक येणार होते, आले नाहीत,
म्हणून माझ्याकडे बसले, टोपी गुडघ्यावर,
नारळ पिशवीत.
चहा नको म्हणाले. पाणी दे.

मी कच्च्या पाण्याच्या नळाखाली पेला धरला.
त्यांनी घोट गालात फिरवला,
डोळे मिटले, गिळला.
"अठराशे."
मी मीटर बुडवला. अठराशे चाळीस.
"चाळीस तुझ्या पायपाचे."

मग मलाच हुक्की आली.
पडद्यातून गाळून आलेलं दिलं, बारा टीडीएसचं.
हा घोट त्यांनी फार वेळ तोंडात ठेवला,
पेला दिव्याकडे धरून
खोटं नाणं पाहावं तसा फिरवून पाहिला.
"कुठलं रे हे?"
तेच, बाबा. त्याच बोअरचं.
"छे. ह्याला गाव नाही."

आणि उरलेलं?
मी म्हटलं, ते पिऊ नका, पाच हजारांवर आहे.
त्यांनी टाकीत फक्त करंगळी बुडवली,
जिभेला लावली.
थुंकतील असं वाटलं होतं.
"बहात्तर साली," ते म्हणाले,
"आमच्या बारवेच्या तळाला असंच होतं.
वाटीनं खरवडून काढायचो,
माझी धाकटी बहीण रडायची पिताना."
पुढचं ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.
पंप चालू होता.
मी गेजकडे पाहत राहिलो, चौदा बार,
आणि मनात आलं, दर पाळीला
आम्ही या टाकीत एक बहात्तर साल भरतो
आणि नोंदवहीत त्याची वेळ लिहितो.

ते पुढे बाष्पकाला जातं.
पाणी उडून जातं, राहतं ते मीठ,
करडं, ओलसर, गोण्यांत भरलेलं.
गोणीवर शाईनं लिहावं लागतं: खाण्यास अयोग्य.
या मिठाला जागणारा मी एकटा,
रात्री दहा ते सकाळी सहा.

निघताना कोंडाजी आवारात एक फेरी मारून आले.
कूलिंग टॉवरमागे नारळ उभा राहिला म्हणे,
अंधारात मला काही दिसलं नाही.
"साडेपाचशेला लागेल," ते म्हणाले.
"चव मात्र विचारू नकोस. तेवढ्या खोलातलं
मी कधी प्यायलो नाही."
पैसे मालकांकडूनच घेईन म्हणाले,
आणि सिन्नरच्या रस्त्याला लागले.

शनिवारी मी पाच लिटरचा कॅन घरी नेतो,
बारा टीडीएसवाला.
गेटवरचा धोंगडे नेमका तेव्हाच तंबाखू मळायला घेतो.
दोन शिट्ट्यांत डाळ शिजते, लोण्यासारखी.
आई बोटावर घेऊन चाखते,
काही बोलत नाही,
आणि मिठाचा डबा ओढते.